शंका क्रमांक सतरा

२४ नोव्हेंबर, सोमवार
पुस्तक पहिलं, पान ५२ पर्यंत. राजे अकरा, बेटं सात, चंद्र दोन. दोन चंद्र असतील तर भरती-ओहोटीचं काय, हे कुठेच दिलेलं नाही. परागला विचारलं तर म्हणाला, "गेम आहे गं, भूगोलाचा पेपर नाही."
पराग भाषांतर तपासतो. 'ड्रिफ्टहोल्ड' हा गेम तो कॉलेजात असल्यापासून खेळतोय. मी एकदाही नाही. मुलाखतीत तसं सांगितलं होतं. केतकीताई म्हणाल्या, "खेळायची गरज नाही. वाचायची आहे." त्या मराठी विभाग बघतात. गेममध्ये जे दिसत नाही ते सगळं, म्हणजे घराणी, लढाया, देव, कोणी कोणाला का मारलं, ते सांगणारी तीन पुस्तकं आहेत. ती मी मराठीत आणायची. मला कायम करायचं की नाही ते जानेवारीअखेर ठरणार.
बाबांनी बिल्डिंगभर सांगून ठेवलंय की सायलीला पुस्तकं वाचायचा पगार मिळतो. खालचे तात्या म्हणाले, "मग माका पण लावा थंय."

२७ नोव्हें., गुरुवार
काही कळत नाही. पु. १ राजांच्या वर्षांनी मोजतं, पु. २ भरत्यांनी. "सहाव्या राजाचं तिसरं वर्ष" म्हणजे कितवी भरती? जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर वंशावळ काढून कपाटाला चिकटवली. बी.ए.ला मराठा सरदारांची काढायचे तशी. तेव्हा निदान सनावळी एक होती.
आई पोळ्या करता करता बघत होती. माझ्या आधी तिला कळली. "ह्या घराण्यात सुना टिकनत नाय," म्हणाली. खरंच टिकत नाहीत. तिन्ही राण्या पळालेल्या.

१ डिसें., सोमवार
चूक सापडली! म्हणजे चूक की काय ते माहीत नाही.
पु. १, पान ११२. दरबारी लेखक लिहितो: ओरिनाने शत्रूकडून सोनं घेतलं आणि दीपगृहाचा दिवा विझवला, म्हणून चाळीस जहाजं खडकांवर फुटली. ओरिना (यापुढे ओ.) दीपगृह सांभाळायची. वर ती एकटीच राहायची.
पु. २, पान ६४. त्या ताफ्यातला वाचलेला खलाशी लिहितो: दिवा संध्याकाळपासूनच नव्हता. नंतर एक बाई हातात कंदील घेऊन घाईघाईने जिना चढताना दिसली.
दोन्ही पुस्तकं एकाच कंपनीची. दोन्हींवर 'अधिकृत इतिहास' छापलंय. मग अधिकृत काय?
शंकापत्रात घातलं. शंकापत्र म्हणजे आमच्याकडची एक फाइल. अनुवादकाला जे कळलं नाही ते एकेका ओळीत लिहायचं, मूळ कंपनीचे लोक पुढच्या रकान्यात उत्तर भरतात. माझ्या सोळा शंकांना उत्तरं आली आहेत. ही सतरावी.

४ डिसें., गुरुवार
सतराला उत्तर नाही. तिकडे सुट्ट्या आहेत म्हणे. पु. १ उद्या द्यायचं.
जेवताना आईला ओ.ची गोष्ट सांगितली. दोन्ही बाजू सांगितल्या, कुठली खरी ते न सांगता. आई बांगडे तळत होती, मागे वळलीसुद्धा नाही. "ती एकलीच होती ना थंय? मगे तिच्याच नावार घालतले. दिवो आधीच इझलेलो आसतलो."
बाबा म्हणाले, "तुका काय म्हायती? तू बघूक गेल्लंस?"
"बघूक कित्याक जावक व्हया?"

५ डिसें., शुक्रवार
साडेपाचपर्यंत वाट बघितली. उत्तर नाही.
पान ११२ची ओळ बदलली. "तिने दिवा विझवला" होतं. आता: "दिवा आधीच विझलेला होता, ठपका मात्र तिच्यावर आला." आता दोन्ही पुस्तकं जुळतात. एवढ्या मोठ्या पुस्तकात अशी चूक राहणारच, कोणी तरी दुरुस्त करायला हवी. बी.ए.च्या इतिहासाच्या सरांनी हेच शिकवलं: दोन साधनं जुळत नसतील तर ज्याने स्वतः पाहिलं त्याचं धरा, पगारी लेखकाचं नको.
शंका १७ची ओळ काढून टाकली. सुटलेली शंका कशाला ठेवायची.
केतकीताईंनी फाइल उघडली. "सोळा शंका, सोळा उत्तरं. एकही लोंबकळत नाही? वा! हिंदीवाल्यांच्या अजून तीस पडल्यात."  लाजले, खरं तर.

१४ डिसें., रविवार
आमच्या गावच्या मंडळाची मीटिंग घरी. विक्रोळी, भांडुप, कांजूर इथली मिळून चौदा माणसं दहा बाय बाराच्या खोलीत. विषय: २६ जानेवारीची वार्षिक पूजा, शाळेचा हॉल, प्रसादाचा शिरा. दहा मिनिटांत ठरलं. नंतरचा एक तास नारळ.
गावच्या जत्रेत पहिल्या नारळाचा मान पूर्वी आमच्या घराचा होता. तो माझ्या पणजोबा-पणजीच्या काळात गेला. कसा गेला यावर बाबा आणि भांडुपचे काका (बाबांचे धाकटे भाऊ) दर वर्षी भांडतात.
बाबा: "त्या वर्षी आमच्यातलो कोण पोचलोच नाय. आजो गिरणीत, सुट्टी गावली नाय. मान गेलो."
काका: "पोचलो नाय कसो? आजी गेल्ली. नारळ घेवन. बायमाणसाच्या हातचो नको म्हणान परत धाडल्यानी."
"तुका कोणी सांगितल्यान?"
"तुका कोणी सांगितल्यान?"
तात्या मध्येच म्हणाले, चहा येणार आहे की तोही पोचला नाही.
मला लहानपणापासून वाटायचं, मोठी झाले की हे शोधून काढीन. कागद कुठे तरी असेलच.

१९ डिसें., शुक्रवार
पु. १ मराठीत आलं. गेममध्येच एक ग्रंथालय आहे, तिथे वाचता येतं. फोनवर आईबाबांना दाखवलं. बाबांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. दुसऱ्या राजापाशी दमले. "छान लिवलंस," म्हणाले. आमच्या घरात कोणी लिहिलेलं कोणी वाचण्याची ही पहिलीच वेळ.
आज पु. ३ हातात आलं. दीपगृहाची नोंदवही! ओ.चीच. किती तेल आलं, वाती किती, वारा कुठला. सोमवारपासून वाचायला घेणार. आनंद झालाय.

२४ डिसें., बुधवार
पु. ३, पान ८८. जशीच्या तशी उतरवते.
"आज दिवा मीच विझवला. पुन्हा पेटवला नाही."
अक्षर तिचं. पुस्तकात पानाचं चित्रच आहे. तारखेचा कोपरा फाटलेला काढलाय. मुद्दाम फाटलेला काढलाय! ती रात्र की त्याआधीची दुसरीच एखादी, समजायला काहीही मार्ग नाही. तेल, वाती, सगळं मोजून बघितलं. नऊ दिवसांचा हिशेब जुळतो, दहाव्याचा नाही.
मग मी काय केलं?

२९ डिसें., सोमवार
आज परागला सहज विचारल्यासारखं केलं. ओ.ने दिवा खरंच विझवला का?
तो चहा ठेवून माझ्याकडे वळला. "हे कोणालाच माहीत नाही! सात वर्षं लोक भांडतायत. माझे दोन मित्र यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तर मजा आहे ना यार. पुस्तकं मुद्दाम जुळत नाहीत."
"मुद्दाम?"
"अगं, जुळली असती तर कोणी वाचली असती का?"
मी टेबलावर येऊन बसले. म्हणजे पुस्तकात चूक नव्हतीच. चूक मी घातली. की मी घातलेलं बरोबरही असेल? कोणालाच माहीत नाही म्हणजे माझंही चूक ठरत नाही ना? हे असं लिहिलं की बरं वाटतं, वाचलं की नाही.

७ जानेवारी, बुधवार
लंच ब्रेकमध्ये परागने टेस्टिंगच्या मशीनवर गेम दिला. चार वेळा बुडाले. पाचव्यांदा दीपगृहापर्यंत पोचले. मला वाटलं होतं कोणी तरी भेटेल, काही तरी सांगेल. कोणी नाही. जिना, ओल, भिंतीवर ओरखडे. वर विझलेला दिवा. खाली दोन पर्याय: पेटव, किंवा खाली जा.
"पेटवला तर काय होतं?"
"दिवा पेटतो."
"आणि नाही पेटवला तर?"
"नाही पेटत. तू ठरव ना, मला काय विचारतेस!"
ब्रेक संपेपर्यंत तिथेच उभी. काहीच दाबलं नाही. पराग म्हणाला, असं करणारी तूच पहिली.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. डब्यात तिळगुळाच्या वड्या नेल्या, सगळ्यांना वाटल्या. परागने दोन घेतल्या आणि फोन पुढे केला. ठाण्याच्या एका मुलाने व्हिडिओ टाकलाय: कंपनीने मराठी आवृत्तीत खरं उत्तर देऊन टाकलं! पान ११२. माझी ओळ, लाल चौकटीत. खाली लोकांची ही रांग. "मराठी शिकायलाच पाहिजे आता." "ओरिना निर्दोष, जय हो." "मग सात वर्षं आम्ही काय भांडलो?" शेवटचं वाचून फोन परत केला.
पराग हसत होता. "बघ, आपण प्रसिद्ध. तिकडच्यांनी शेवटच्या क्षणी मूळ बदललं असणार. तू बघितलंस ना मूळ?"
मी हो म्हटलं. मूळ बघितलं होतं, एवढं खरं आहे.

२० जाने., मंगळवार
मूळ कंपनीचं पत्र. मराठीतली ओळ मूळ मजकुरात नाही, खुलासा करा.
केतकीताईंनी मला बोलावलंच नाही. परागला बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये, अर्धा तास. तो हात हलवत होता, नंतर हलवायचा थांबला.
बाहेर आल्यावर बॅगेत हेडफोन कोंबत म्हणाला, "त्यांना वाटतं मी घातली. तपासणीवर माझं नाव ना. आणि ऑफिसात गेमवेडा मीच. म्हणे स्वतःची थिअरी घुसवलीस."
"मग तू काय सांगितलंस?"
"काय सांगणार? नाही म्हटलं. पण ओळ तपासताना मी बघितली होती. मला वाटलं मूळच बदललंय. विचारायला हवं होतं, नाही विचारलं." मग माझ्याकडे बघून, "तू तर शंका काढल्याशिवाय पान उलटत नाहीस."
तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. बसचं काही तरी बोलले.

२१ जाने., बुधवार
नाही सांगितलं. केतकीताई मीटिंगमध्ये.

२२ जाने., गुरुवार
केतकीताईंनी स्वतःहून बोलावलं. माझ्या कायम करण्याचा कागद त्यांच्या पुढ्यात होता. "तुझ्यासारखं काम मी कोणाचं पाहिलं नाही. एकही शंका लोंबकळत नाही. परागचं मात्र... बघू. मला वाईट वाटतं, मुलगा हुशार आहे."
मी म्हटलं, "ताई, पराग असं करणार नाही."
"मग कोणी केलं?"
"माहीत नाही."
हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने. या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'जे खरं तेच.' ते पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

२५ जाने., रविवार
आईला सांगितलं सगळं. तिला फाइल, रकाना, तपासणी हे काही कळलं नाही. एवढंच विचारलं, "तो पोरगो एकलोच हा काय थंय?"
मी म्हटलं, हो, सध्या तो एकटाच.
ती तांदूळ निवडत राहिली.

२६ जाने., सोमवार
मंडळाची पूजा. शाळेच्या हॉलमध्ये फळ्यावर शनिवारचं गणित तसंच. सत्यनारायण झाल्यावर तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. गावात गुरव घालतो, इथे तात्या. सगळे उभे, हात जोडून.
"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा मुंबयेत ऱ्हवान तुझी याद करतत..."
"व्हय म्हाराजा!"
"कामाधंद्यात, शिक्षणात येश दी..."
"व्हय म्हाराजा!"
"कोणाकडसून मान चुकलो आसात, कोणाचो मान कोणी चुकवलो आसात, कोण पोचलो नसात, कोणाक पोचान परत धाडल्यानी आसात, ता सगळा पोटात घाल..."
"व्हय म्हाराजा!"
बाबांचा आणि काकांचा आवाज सगळ्यांत मोठा. शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही गोष्टींना दोघांचंही व्हय म्हाराजा! मी इतकी वर्षं हे ऐकतेय आणि कधी लक्षातच आलं नाही.
शिरा खाताना बाबांना विचारलं. तुम्ही काकांच्या गोष्टीला पण हो म्हणालात.
"गाऱ्हाण्यात नाय म्हणत नाय कोण."
"मग खरं कुठलं?"
"खरा कुठला ता तुझ्या काकाक इचार. चुकीचा सांगात."
काही कळलं नाही. पण तात्यांना मी मनात म्हटलं, तुम्ही ओळ काढून नाही टाकलीत. दोन्ही ठेवल्यात.

२७ जाने., मंगळवार
सांगितलं. सकाळी, डबासुद्धा टेबलावर ठेवला नव्हता. ओळ मी बदलली, शंका १७ मी काढली, परागचा संबंध नाही.
केतकीताईंनी समोरचा लॅपटॉप मिटला. मग: "का?"
"जुळत नव्हतं."
"जुळत नसेल तर विचारायचं असतं."
"विचारलं होतं. उत्तर आलं नाही."
"मग उत्तर नाही आलं असं ठेवायचं असतं! शंकापत्र कशासाठी आहे? आणि आठ दिवस त्या मुलाला..." इथे त्यांचा आवाज चढला. बाहेर सगळ्यांनी मान खाली घातली.
शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. ये असंही म्हणत नाहीये. मूळ कंपनीला कळवते, मग बघू." कायमचा कागद ड्रॉवरमध्ये गेला. फाडला नाही, एवढं बघितलं.
पराग जिन्यात भेटला. सॉरी म्हटलं.
"तू होतीस," म्हणाला. मग दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "मला वाटलं होतं तूच. मग वाटलं, तू तर खोटं बोलतच नाहीस."
हे चिडून होतं की काय होतं, कळलं नाही. चिडूनच असणार.

२८ जाने., बुधवार
गेले. काम दिलं नाही, घरीही पाठवलं नाही. पु. ३ पुन्हा वाचलं. पान ८८. "आज दिवा मीच विझवला." रोज सकाळी दीपगृहाचा दिवा विझवतातच ना? तेल वाचवायला? मग त्यात लिहिण्यासारखं काय? आणि 'पुन्हा पेटवला नाही'?
परागला सांगावंसं वाटलं. त्याने हेडफोन काढले नाहीत.

३० जाने., शुक्रवार
मूळ कंपनीचं उत्तर. केतकीताईंनी ते माझ्याकडे पाठवलं, वर एक शब्द न लिहिता. मला वाटलं होतं रागावलेलं असेल. तसं नाही. तीनच वाक्यं. पुस्तकं लिहिणाऱ्यांशी बोलत आहोत. मराठीतल्या त्या ओळीला तूर्त हात लावू नये. अनुवादकाला हे कुठून मिळालं ते तिने स्वतः लिहून कळवावं.
हात लावू नये, म्हणजे? माझं बरोबर निघालं? की पुरावा म्हणून ठेवतायत? परागला मेल दाखवला. त्याने दोनदा वाचला, हेडफोन गळ्यात आले.
"तुला कुठून मिळालं?"
"पु. २. खलाशी."
"तो खलाशी नंतर वेडा होतो, पान दोनशे दहा. तेवढ्यावर कोणी ओळ बदलत नाही. खरं सांग."
"आईने सांगितलं."
तो हसला नाही. "काकूंना कुठून मिळालं?"

३१ जाने., शनिवार
ऑफिसला सुट्टी. कपाटावरच्या वंशावळीखाली बसून उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं: पु. २, पान ६४, प्रत्यक्षदर्शी. खरं आहे, पण तेवढंच नाही. मग आईचं लिहिलं. मग पणजीचा नारळ लिहिला, आणि वाचताना वाटलं, तिकडे हे कोणाला काय कळणार. खोडला. परत लिहिला, दोन्ही गोष्टी, बाबांची आणि काकांची. कुठली खरी ते माहीत नाही असंही लिहिलं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.
आईला वाचून दाखवलं. "माझा नाव घातलंस? बाबाक सांगा नको, उगीच चिडतलो."
पाठवलं. पु. ३ चं पान ८८ जसं आहे तसंच मराठीत केलं, फाटक्या कोपऱ्यासकट. मग शंकापत्र उघडून काढलेली ओळ परत घातली.
शंका १७. पु. १ पा. ११२, पु. २ पा. ६४, पु. ३ पा. ८८ जुळत नाहीत. दिवा कोणी विझवला?
पुढचा रकाना रिकामा.
सोमवारी यायचं की नाही, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आईला डबा भरायला सांगून ठेवलंय. म्हणाली, दोघांचा भरते, तुझा नि त्या पोराचा.